सागरी माहितीचे पृथक्करण : संगणकाची भाषा कोणती निवडावी?

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडवा गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही या परिसरातील धानाच्या बांध्यांत साचणारे पाणी बऱ्याच अंशी बंगालच्या उपसागराशी निगडित असते. गंगा-ब्रह्मपुत्रादी नद्यांचे गोडे पाणी या उपसागरावर पसरते. ते हलके असल्याने खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही व वरचा थर पावसाळ्यातही उष्ण राहतो. तेथे निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे ओडिशा, छत्तीसगढमार्गे पूर्व विदर्भात पोहोचतात. समुद्राच्या पोटातील तापमान व क्षारता हा केवळ कोकणातील मच्छीमारांच्या जिव्हाळ्याचा विषय नव्हे, तो असा.

या माहितीचे पृथक्करण कोणत्या संगणकीय भाषेत करावे, हा प्रश्न आता विद्यापीठांपुरता राहिलेला नाही. माहिती विनामूल्य उपलब्ध असल्याने तो कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षकासही पडू शकतो.

माहितीचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १९६६ च्या जानेवारीत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे मुख्यालय गोव्यात दोना पावला येथे आहे. त्या काळी जहाज जेथे जाई तेथलीच नोंद मिळे. आज ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय योजनेतील सुमारे चार हजार तरंगती स्वयंचलित उपकरणे जगातील महासागरांत फिरत असतात. साधारणपणे दर दहा दिवसांनी असे उपकरण दोन हजार मीटर खोलीवरून वर येताना तापमान व क्षारता मोजते आणि उपग्रहाकरवी नोंदी पाठविते. भारताच्या उपकरणांच्या नोंदी हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात तपासल्या जातात.

नेहमीच्या एक्सेलच्या तक्त्यात हे का भागू नये, अशी शंका रास्त आहे. त्याचे उत्तर आकड्यांतच मिळते. पाव अंशाच्या जाळीत साऱ्या पृथ्वीची १०,३६,८०० घरे होतात, तर एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. घरागणिक एक ओळ लिहिली, तर एका दिवसाच्या तापमानातच पान भरते. म्हणूनच अक्षांश, रेखांश, खोली व काळ एकत्र बांधून ठेवणारी ‘नेटसीडीएफ’ ही संचिका-पद्धती रूढ झाली. जी भाषा ही संचिका सहज वाचू शकत नाही, ती या कामी बाद समजावी.

भाषांची पारख

फोरट्रान ही भाषा १९५७ मध्ये आली. ती कालबाह्य झाली असे पुष्कळांना वाटते, परंतु ते खरे नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने मान्सून मिशनअंतर्गत स्वीकारलेल्या प्रारूपातील समुद्राचा भाग याच भाषेत लिहिलेला आहे. प्रचंड गणित वेगाने करण्यात ती आजही पुढे आहे. मात्र आलेख काढून पाहणे, पुन्हा बदलणे अशा चाचपडण्याच्या कामास ती सोयीची नाही. मॅटलॅबमध्ये हे काम सुलभ होते आणि समुद्रशास्त्रज्ञांची अनेक जुनी साधने तीत आहेत, पण तिचा परवाना विकत घ्यावा लागतो. तिच्याशी बरेचसे साधर्म्य असलेली ऑक्टेव्ह विनामूल्य आहे. संख्याशास्त्रीय कसोट्यांसाठी आर ही भाषा उत्तम होय. अमेरिकेत तयार झालेले फेरेट हे साधनही सागरी नकाशांसाठी वापरले जाते.

१९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली पायथॉन विनामूल्य आहे. ‘एक्सअॅरे’ या तिच्या जोडसंचामुळे ‘अमुक अक्षांश, अमुक महिना’ असे नावानिशी मागता येते. शिवाय समुद्रजलाची घनता काढण्याची २०१० ची आंतरराष्ट्रीय सूत्रे मॅटलॅब, फोरट्रान, आर व पायथॉन या चारही भाषांत उपलब्ध असल्याने त्या बाबतीत कोणतीही निवडल्यास नुकसान नाही. नव्याने आरंभ करणाऱ्याने पायथॉन घ्यावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. परंतु ज्या विभागात वीस वर्षांच्या तपासलेल्या आज्ञावली फोरट्रानमध्ये आहेत, तेथे केवळ नवेपणाच्या हौसेने त्या मोडीत काढणे हा शहाणपणा नव्हे. भाषा बदलली की चुकाही नव्या होतात. फोरट्रान व मॅटलॅबमध्ये मोजणी सामान्यतः १ पासून, तर पायथॉनमध्ये ० पासून सुरू होते. एवढ्या फरकाने पृष्ठभागाऐवजी त्याखालचा थर हाती लागतो.

याहून घातक चूक निराळीच आहे. आर्गोच्या संचिकेत जेथे नोंद नाही तेथे ९९९९९ हा आकडा असतो. नऊ नोंदी २८ अंशांच्या आणि दहावी अशी असेल, तर भोळेपणाने काढलेली सरासरी १०,०२५ अंशांवर जाते! एक्सअॅरे हा आकडा आपोआप बाजूस काढते. फोरट्रानमध्ये ती अट स्वतः लिहावी लागते. तथापि प्रत्येक नोंदीसोबत गुणवत्तेचा अंक असतो. १ म्हणजे चांगली, ४ म्हणजे वाईट. तो अंक पाहण्याचे काम कोणतीही भाषा न सांगता करीत नाही. वाईट नोंदीतील क्षारता एखाद्या एककानेच चुकलेली असू शकते. अशी चूक डोळ्यांना खटकत नाही आणि म्हणूनच ती अहवालात राहून जाते.

वर्गात करण्याजोगा पाठ

एका साध्या संगणकावर हे करून पाहता येते. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागातील एका उपकरणाची मे व ऑक्टोबर महिन्यांची संचिका उतरवून घ्यावी, केवळ १ अंकाच्या नोंदी ठेवाव्यात आणि क्षारतेचे दोन आलेख काढावेत. खोली खालच्या दिशेने वाढेल असा उभा अक्ष ठेवावा. ऑक्टोबरच्या आलेखात वरच्या काही मीटरांत क्षारता बरीच घटलेली व शंभर मीटरांच्या सुमारास ती ३५ च्या जवळ गेलेली सामान्यतः आढळेल. पावसाळ्यात नद्यांनी वाहून आणलेले गोडे पाणी ते हेच.