समुद्रावरची हजेरी आणि प्रॉक्सी

आपण शहापूर-मुरबाडकडची मुलं. आपलं मोठं पाणी म्हणजे भातसा धरण. पण जहाजांची ही गोष्ट इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी तरी वाचावीच.

३१ जुलै २०११ ला 'पवित' नावाचं सुमारे हजार टनांचं जहाज जुहू-वर्सोव्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. त्यावर एकही माणूस नव्हता! महिनाभर आधी ओमानजवळ जहाज बंद पडलं, खलाशांना उतरवून घेतलं, आणि ते रिकामंच वाहत मुंबईपर्यंत आलं. २६/११ ला तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती.

जहाजांची हजेरी घेते ती एआयएस. आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० ग्रॉस टनांच्या व त्याहून मोठ्या जहाजांना ती सक्तीची आहे. चालतं जहाज दर २ ते १० सेकंदांनी व्हीएचएफवर आपला नंबर, जागा आणि वेग सांगत राहतं. पण हजेरी स्वतःच द्यायची, म्हणजे बंक आणि प्रॉक्सी आलीच. सेट बंद केला की जहाज गायब, खोटी जागा पाठवली की भलतीकडेच. आणि वीज नसलेलं बेवारस जहाज बोलणार तरी कसं?

मग वरून बघायचं. माळशेजला पावसाळ्यात समोरची दरी दिसत नाही, तसंच उपग्रहातल्या कॅमेऱ्याला ढगांखालचं दिसत नाही. सिंथेटिक अपर्चर रडार मात्र स्वतःच्या मायक्रोवेव्ह लहरी तिरप्या सोडतं. सी-बँडची सुमारे ५.६ सेंटिमीटरची लहर ढगातून आरपार जाते. भातसासारख्या शांत पाण्यावरून ती आरशावरच्या टॉर्चसारखी पलीकडे निघून जाते, म्हणून पाणी काळं दिसतं. जहाजाची बाजू आणि पाणी यांच्यात काटकोन होतो, तिथे लहर दोनदा आपटून परत येते आणि चकचकीत ठिपका उमटतो. खवळलेल्या समुद्रात लाटाच चमकतात, तेव्हा छोटी लाकडी होडी त्यात हरवते.

एक गंमत सांगते. चालत्या जहाजाचा ठिपका डॉप्लरमुळे सरकतो आणि पाण्यात उठलेल्या रेषेच्या बाजूला दिसतो, जणू रूळ सोडून धावणारी लोकल! त्या अंतरावरून वेगाचा अंदाज काढता येतो.

आता ठिपके आणि एआयएस एकावर एक ठेवायचे. ठिपका आहे पण हजेरी नाही, तिथे चौकशी करायची.

मात्र आकाशात रडार असणं वेगळं आणि त्या तासाला त्याच पट्ट्यावर असणं वेगळं. पवित आलं तेव्हा आपला रिसॅट-२ वर फिरतच होता. युरोपचा एक सेंटिनेल-१ उपग्रहसुद्धा बरोबर त्याच मार्गावर १२ दिवसांनी परततो. म्हणूनच किनाऱ्यावरच्या दीपगृहांवर रडार आणि एआयएसचे रिसीव्हर बसवावे लागले.

सेंटिनेल-१ ची चित्रं फुकट मिळतात. मुंबई बंदराबाहेर नांगरलेली जहाजं त्यात मोजता येतात. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी कुणी पार्टनर आहे का?