चौथ्या दिवसाची झोप

लाल कांद्याचा हंगाम होता. विंचूरच्या उपबाजारात पहाटेपासून ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि घरात पहिल्या बाळंतपणाला आलेली माझी धाकटी बहीण. मुलगा झाला, पावणेतीन किलोचा, खणखणीत रडणारा. दोन दिवस तो चांगला प्याला. तिसऱ्या दिवशी छातीशी धरला तरी तोंड फिरवू लागला आणि चौथ्या दिवशी नुसता झोपून राहिला.

"गुणाचं लेकरू आहे, निजू दे," आई म्हणाली. मावशीने दृष्ट काढली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

संध्याकाळी उलटी झाली, श्वास भरभर चालू लागला, अंग गार पडलं. जवळच्या दवाखान्यात जंतुसंसर्ग समजून औषधं सुरू झाली. नवजात बाळात जंतुसंसर्ग आणि रक्तात वाढलेला अमोनिया, दोन्हींची लक्षणं सारखीच दिसतात. दुसऱ्या दिवशी झटके आले, तेव्हा नाशिक गाठलं. तिथे रक्तातला अमोनिया तपासला. तो कित्येक पटींनी वाढलेला होता. सातव्या दिवशी बाळ गेलं. आधी घेऊन ठेवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांवरून आजाराचं नाव कळलं: सिट्रुलिनीमिया.

निफाड तालुक्यातल्या शेतकऱ्याला युरिया सांगावा लागत नाही. गोणीतल्या त्या पांढऱ्या दाण्यांत 46 टक्के नत्र असतं. तोच युरिया आपलं यकृत रात्रंदिवस बनवत असतं. दूध, डाळ, अंडी यांतल्या प्रथिनांचं नत्र वापरून उरलं की त्याचा अमोनिया होतो. मासा तो सरळ पाण्यात सोडतो. पाल आणि पक्षी त्याचं युरिक आम्ल करतात. पालीच्या विष्ठेचं पांढरं टोक ते हेच. माणूस युरिया करून लघवीवाटे टाकतो. हे चक्र 1932 साली हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी उलगडलं. त्यातलं एखादं विकर (एन्झाइम) जन्मतः अपुरं असलं की अमोनिया साठतो आणि मेंदूला सूज येते. सिट्रुलिनीमिया हा अशाच आजारांपैकी एक.

पोटात असेपर्यंत बाळाचा अमोनिया वारेतून आईकडे जातो, आईचं यकृत तो निस्तरतं. म्हणून जन्मतः बाळ धडधाकट दिसतं. नाळ कापली, दूध सुरू झालं, की भार त्याच्या एकट्यावर येतो.

वेळेत कळलं तर उपाय आहेत. प्रथिनं थोडा काळ थांबवून शिरेतून ग्लुकोज देतात, गरज पडल्यास डायलिसिस करतात. लोणची-सरबतं टिकवणारं सोडियम बेंझोएट इथे औषध ठरतं. ते नत्राला दुसऱ्या वाटेने लघवीत नेतं. हे सगळं आम्हाला नंतर समजलं.

बहीण आणि तिचा नवरा आते-मामे भावंडं. आपल्याकडे अशी सोयरीक अनेक घरांत होते. दोघांकडे एकच सदोष जनुक असलं, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला हा आजार होण्याची. कोणी काही सांगितलं नाही म्हणून आम्ही विचारलंही नाही. दुसऱ्या वेळी आधी दोघांची जनुक तपासणी केली, मग अकराव्या आठवड्यानंतर वारेचा नमुना दिला. मुलगी झाली, ती आता अंगणवाडीत जाते.

युरिया चक्राच्या आजारांचे सौम्य प्रकार मोठेपणीही उघडे पडतात: डाळ-दुधाचा लहानपणापासूनचा तिटकारा; ताप, कडक उपवास किंवा बाळंतपण यांनंतर अचानक भ्रम, असंबद्ध बोलणं. उपवासात शरीर स्वतःचीच प्रथिनं मोडतं. अशा माणसाला बाहेरची बाधा झाली म्हणून कुठे नेऊ नका, अमोनिया तपासा. दुर्मिळ आजारांच्या 2021च्या राष्ट्रीय धोरणात या आजारांचा समावेश आहे आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातल्या केंद्रांपैकी एक आहे.

घरात बाळंतीण असेल तर एवढं करा. पहिल्या आठवड्यात बाळ दूध सोडून झोपू लागलं, उठवूनही उठेना, तर सकाळची वाट पाहू नका. डॉक्टरांना विचारा, अमोनिया पाहायचा का? नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो, तेव्हा जिथे ती सोय आहे तिथेच बाळाला न्या. आधीचं भावंड असंच गेलं असेल, तर ते दारातच सांगा.