वेरूळचे कैलास : एक सहलपाठ
(इयत्ता चौथी व त्यावरील वर्गांसाठी)

सहलीत मुले देवालय पाहतात, म्हणजे बहुधा रांगेने आत जातात, नमस्कार करतात आणि बाहेर येतात. परतल्यावर काय पाहिले असे विचारले, तर डबा कोठे सोडला एवढेच त्यांना सांगता येते. हा दोष मुलांचा नव्हे. काय पाहावयाचे, हे त्यांना आधी कोणी सांगितलेले नसते.

हेतू : कैलास हे रचलेले मंदिर नसून कोरलेले आहे, हे मुलांस स्वानुभवाने कळावे, आणि जे एकदा तोडले ते पुन्हा जोडता येत नाही, ह्या जाणिवेतून जुन्या वास्तूविषयी आदर उपजावा.

पूर्वतयारी : सहलीच्या आदल्या आठवड्यात अर्ध्या वर्गास ओली माती व अर्ध्या वर्गास साबणाची वडी द्यावी. दोघांनीही हत्ती करावा. साबणासाठी बोथट कामटी पुरते. मातीच्या हत्तीची सोंड मोडली, तर ती पुन्हा लावता येते. साबणाच्या हत्तीची मोडली, की मोडली. हा फरक मुलांनीच बोलून दाखवावा. शिक्षकाने घाई करू नये.

त्यानंतर मैदानावर आखणी करावी. कैलासाचे खोदलेले प्रांगण सुमारे २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद आहे. मागील कडा सुमारे १०७ फूट उंच आहे. मैदान अपुरे असल्यास चौथा हिस्सा, म्हणजे ६९ फूट व ३८॥ फूट, दोरीने आखावा. गणिताचा तास येथेच होतो.

माहिती : कैलास हे वेरूळचे सोळावे लेणे. त्याचे मुख्य काम राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला (इ. स. ७५६ ते ७७३) ह्याच्या काळातील मानले जाते. कारागिरांनी डोंगरात तीन बाजूंनी चर खणून मधला खडक सुटा केला आणि शिखरापासून पायथ्याकडे कोरीत नेले. चूक झाली तर दुसरा दगड बसविण्याची सोय नव्हती. इ. स. ८१२ च्या बडोदे येथील ताम्रपटात ह्या देवालयाची स्तुती आहे. आपल्या हातून हे कसे घडले, ह्याचे खुद्द शिल्पकारासच आश्चर्य वाटले, असा तिचा आशय आहे.

प्रत्यक्ष दर्शन : लेणी मंगळवारी बंद असतात, हे ध्यानात ठेवावे. प्रांगणात प्रथम पाच मिनिटे मुलांनी मुकाट्याने पाहावे. नंतर नंदीमंडप, दोन्ही बाजूंचे उंच स्तंभ आणि मंदिर पाठीवर तोलून धरणारे हत्ती दाखवावेत. दक्षिणेकडे रावण कैलास हलवीत असल्याचे शिल्प आहे. तेथे गोष्ट सांगण्यापूर्वी विचारावे : येथे कोण भ्याले आहे? कोण निश्चल आहे? मुले पार्वती, पळणारी दासी व शांत शिव आपणच शोधून काढतात. शेवटी प्रांगणातील मोठ्या हत्तींजवळ न्यावे. त्यांच्या सोंडा तुटलेल्या आहेत. साबणाचा हत्ती मुलांस आपोआप आठवेल.

दक्षता : दगडावर नाव कोरणे, खडूने लिहिणे, मूर्तीवर चढणे ह्यांपासून मुलांस परावृत्त करावे. केवळ मनाई पुरत नाही. कारण मुलांस पटलेले असावे. वेरूळ येथे बौद्ध, हिंदू व जैन अशी चौतीस लेणी आहेत. म्हणून कोणत्याही जातीधर्माच्या मुलास हा पाठ आपला वाटला पाहिजे. नमस्कार ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर सोडावा; पाहणे मात्र सर्वांनी बरोबरीने करावे. जवळच्या घृष्णेश्वराच्या दर्शनासही हाच नियम लावावा.

पाठानंतर : वेरूळ दूर असेल, तर ह्याच रीतीने गावचे शिवालय पाहावे. पुष्कळ गावी जुन्या कोरीव दगडावर भक्तिभावानेच तैलरंग चढविला जातो व नक्षी बुजते. मुलांनी दिसेल ती नक्षी वहीत उतरवून घ्यावी आणि ती वही घरी दाखवावी. पुढील रंगकामाच्या वेळी एखाद्या घरातून "दगड तसाच राहू द्या" असा शब्द निघाला, तर हा पाठ पुरा झाला असे समजावे.