परीक्षेपुरती शहाणी गाडी आणि तिच्या मालकांचा हिशेब



शाळा तपासणीच्या आदल्या दिवशी काय चालतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. व्हरांडे धुतले जातात, वर्षभर कपाटात पडलेले तक्ते भिंतीवर चढतात, फळ्याच्या कोपऱ्यात नवा सुविचार येतो. साहेब गेले की दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यासारखं! आता कल्पना करा, साहेब आलेत की नाही हे त्या इमारतीलाच कळलं असतं तर? फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांनी नेमकं हेच केलं.

हे प्रकरण वर्गात सांगताना आपण बहुधा कंपनीच्या लबाडीपाशी थांबतो. पण ज्यांनी विश्वासाने पैसे मोजून ती गाडी घेतली त्यांचं पुढे काय झालं? आठवी-नववीला शेकडेवारी किंवा न्यायव्यवस्था शिकवताना मुलांसमोर ठेवावा असा भाग इथून पुढे आहे.

आधी विज्ञान थोडक्यात. गाडीच्या धुराची चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते. चाकं फिरतात, पण स्टिअरिंग जागचं हलत नाही. स्टिअरिंगची स्थिती, वेग, हवेचा दाब वगैरे पाहून गाडीतलं सॉफ्टवेअर ओळखायचं की आपली परीक्षा चालू आहे. मग नायट्रोजनची ऑक्साइडं रोखणारी यंत्रणा नीट काम करायची; रस्त्यावर आली की ढिली पडायची. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहान गटाने मोजमापाची उपकरणं गाडीतच बसवून तीन डिझेल गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर पळवल्या. त्यातल्या दोन फोक्सवॅगनच्या होत्या. 2014 मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात एका गाडीचं प्रदूषण मर्यादेच्या 15 ते 35 पट, तर दुसरीचं 5 ते 20 पट निघालं. शेवटी 18 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने कंपनीला जाहीर नोटीस दिली. अमेरिकेत अशा सुमारे 4 लाख 82 हजार गाड्या होत्या, जगभरात 1 कोटी 10 लाखांच्या आसपास.

आता मालकाच्या जागी उभे राहा. ‘स्वच्छ डिझेल’ ही जाहिरात वाचून तुम्ही गाडी घेतलीत. 19 सप्टेंबरच्या सकाळी गाडी दारात कालसारखीच उभी आहे. चालू होते, पळते, अ‍ॅव्हरेजही छान देते. काहीच मोडलेलं नाही. तरी तिची बाजारातली किंमत घसरली आहे, आणि आपण शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नाकात धूर सोडत होतो हे आत्ता कळलंय. मग तुमचं नुकसान नक्की किती? मुलांना हा प्रश्न नुसता विचारा आणि पाच मिनिटं गप्प बसा. ‘सर, गाडी चालतेय ना, मग कसलं नुकसान?’ असं म्हणणारा एक तरी निघतोच. निघू द्या.

नोव्हेंबर 2015 मध्ये कंपनीने मालकांना सदिच्छा म्हणून 500 डॉलरचं एक कार्ड आणि डीलरकडे वापरायचं आणखी 500 डॉलरचं एक कार्ड देऊ केलं. त्यानंतर वाट पाहणं आलं. देशभरातले शेकडो दावे सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात न्यायमूर्ती चार्ल्स ब्रायर यांच्यापुढे एकत्र आले. तडजोडीचा मसुदा 28 जून 2016 ला जाहीर झाला आणि 25 ऑक्टोबरला त्याला अंतिम मंजुरी मिळाली. म्हणजे तेरा महिने. तोवर गाडी वापरायची की नाही, तिच्यावर खर्च करायचा का, विकून मोकळं व्हायचं का, हे प्रत्येक घराने आपापलं ठरवायचं होतं.

आता फळ्यावर या. दोन लिटर इंजिनाच्या गाड्यांसाठी सूत्र असं ठरलं: सप्टेंबर 2015 मध्ये, म्हणजे भांडं फुटायच्या आधी, गाडीची जी किंमत होती त्या किमतीला कंपनीने गाडी परत विकत घ्यायची. त्यावर भरपाई म्हणून किमतीच्या 20 टक्के अधिक 2,986.73 डॉलर द्यायचे. पण भरपाई 5,100 डॉलरपेक्षा कमी असता कामा नये. गाडी ठेवायची असेल तर मंजूर दुरुस्ती फुकट आणि भरपाई मिळणार. (मंजुरीच्या दिवशी अशी एकही दुरुस्ती मान्य झालेली नव्हती, हेही मुलांना सांगा. पहिली मान्य झाली ती जानेवारी 2017 मध्ये.)

15,000 डॉलर किंमत धरू. 20 टक्के म्हणजे 3,000, अधिक 2,986.73, झाले 5,986.73. गाडी परत दिली तर एकूण 20,986.73 डॉलर. गाडी किती मैल पळाली त्याची वजाबाकी इथे सोडून देऊ. 10,000 ची गाडी असेल तर? उत्तर 4,986.73 येतं, मग किमान रकमेचा नियम लागू होऊन 5,100 मिळतात. पुष्कळ मुलं इथे चुकतात.

एवढ्यावर तास संपवला तर मात्र खरी गोष्ट हातची जाईल. ज्यांना थांबता आलं नाही त्यांचं काय? 18 सप्टेंबर 2015 नंतर आणि 28 जून 2016 च्या आधी ज्यांनी गाडी विकली, त्यांची भरपाई नव्या मालकासोबत वाटली गेली, अर्धी-अर्धी. गाडीची जुनी, पूर्ण किंमत मात्र गाडी ज्याच्या हातात होती त्याला. समजा एका बाईंनी पैशाच्या नडीपायी फेब्रुवारी 2016 मध्ये आपली 15,000 ची गाडी 11,000 ला विकली. (हा 11,000 चा आकडा माझा, केवळ उदाहरणापुरता.) त्यांना भरपाईचे साधारण 2,993 मिळून एकूण 13,993 झाले. ज्याने ती 11,000 ला घेतली त्याला 15,000 अधिक 2,993, म्हणजे 17,993 मिळाले. आणि ज्याच्याकडे थांबायची ताकद होती त्या पहिल्या मालकाला जवळजवळ 20,987. गाडी तीच, फसवणूकही तीच. मला या तीन आकड्यांपुढे तडजोडीची अब्जावधी डॉलरची एकूण रक्कम फिकी वाटते.

जर्मनीत हिशेब आणखी वेगळा झाला. तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने 25 मे 2020 ला, म्हणजे साडेचार वर्षांहून अधिक काळाने, सांगितलं की ग्राहकाला गाडीची किंमत परत मिळाली पाहिजे, पण वापराचे पैसे कापून. 31,490 युरोंना जुनी गाडी घेतलेल्या त्या दावेदाराला सुमारे 25,600 युरो मिळाले. त्याच जुलैत न्यायालयाने हेही मान्य केलं की गाडी भरपूर पळाली असेल तर कापता कापता हाती काहीच न उरणं शक्य आहे. अमेरिकेत किमतीचं घड्याळ सप्टेंबर 2015 ला थांबवलं होतं. इथे रिक्षाच्या मीटरसारखं ते चालूच राहिलं, कज्जा चालू असतानासुद्धा. यातलं योग्य कोणतं? वर्गाचे दोन गट करा. ‘गाडी वापरली ना, मग पैसे कापणारच’ हा मुद्दा कच्चा नाही, त्याची बाजू मांडायला हुशार मुलं द्या.

आपल्याकडे पुण्याच्या एआरएआय संस्थेने चाचण्या घेतल्या आणि डिसेंबर 2015 मध्ये कंपनीने भारतातल्या 3,23,700 गाड्या सॉफ्टवेअर बदलण्यासाठी परत बोलावण्याचं जाहीर केलं. भारतीय नियम मोडलेला नाही, असं कंपनीचं म्हणणं होतं. धुराचे आपले नियम तेव्हा प्रयोगशाळेतल्या चाचणीपुरतेच होते. मार्च 2019 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 500 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. हा दंड पर्यावरणाच्या हानीबद्दलचा होता, गाडीच्या मालकांसाठी नव्हे. अमेरिकेसारखी तडजोड इथल्या मालकाच्या वाट्याला आली नाही. पालकांपैकी कुणाकडे त्या वेळची अशी गाडी असेल तर त्यांना वर्गात अवश्य बोलवा, मुलं त्यांनाच जास्त प्रश्न विचारतील.

गृहपाठ एकच द्या. फेब्रुवारी 2016 मध्ये गाडी विकणाऱ्या त्या बाई आपण आहोत असं समजून न्यायमूर्तींना पंधरा ओळींचं पत्र लिहायचं. मागणी आकड्यांत असली पाहिजे, आणि तो आकडा कसा काढला ते खाली लिहायचं.