मांजराच्या घरात कोणता पाम ठेवावा?

प्रश्न : आमच्या फ्लॅटमध्ये ऊन येत नाही. घरातल्या मांजराला पानं चावायची सवय आहे. कोणता पाम लावावा, निगा कशी राखावी?

उत्तर : पार्लर पाम लावा. मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या जंगलांत तो मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतो, म्हणून मंद उजेड त्याला मानवतो. मांजर-कुत्र्यांना तो विषारी नाही. मात्र पानं जास्त खाल्ली तर उलटी होऊ शकते.

दिवसा दिवा न लावता वाचता येईल, अशा जागी कुंडी ठेवा. थेट उन्हात पानं करपतात. मातीत बोट घालून पाहा. वरची इंचभर माती सुकली असेल तरच पाणी द्या. पावसाळ्यात माती उशिरा सुकते, तेव्हा हात आखडता घ्या. बशीत साचलेलं पाणी ओतून टाका, नाहीतर मुळं कुजतात. पानं अधूनमधून ओल्या फडक्याने पुसा. कोरड्या हवेत त्यांच्या मागे लाल कोळी ही कीड वाढते. वाळलेलं पान खुशाल कापा, पण शेंडा कधीही छाटू नका. प्रत्येक खोडाचा वाढीचा कोंब एकच असतो. तो गेला की खोड मरतं.

नर्सरीत ‘सागो पाम’ दाखवला तर नक्की नाही म्हणा. तो खरा पाम नव्हे, सायकस आहे. त्याचे सगळेच भाग विषारी, बिया सर्वाधिक. त्यामुळे यकृत निकामी होऊन जनावर दगावू शकतं. मांजराने तो चुकून चावला, तर लक्षणांची वाट न पाहता लगेच पशुवैद्यांकडे न्या.