सुयांसारखी पाने आणि क जीवनसत्त्व



‘क जीवनसत्त्वाच्या अभावाने स्कर्व्ही होतो’ हे वाक्य मुले पाठ करतात, जोड्या लावतात आणि विसरतात. त्याऐवजी ही गोष्ट सांगून बघा.

१५३५-३६ चा हिवाळा. फ्रेंच दर्यावर्दी जाक कार्तिए आजच्या कॅनडातील क्वेबेकजवळ बर्फात अडकला होता. त्याच्या सुमारे ११० माणसांपैकी बहुतेकांच्या हिरड्या सुजल्या, पाय काळेनिळे पडले, २५ जण दगावले. तेव्हा तिथल्याच दोमागाया नावाच्या माणसाने एका झाडाची पाने आणि साल उकळून प्यायला सांगितले. आठवडाभरात अख्खे मोठे झाड संपले आणि आजारी माणसे चालू लागली! स्थानिक लोक त्या झाडाला ‘अनेड्डा’ म्हणत. ते सूचिपर्णी झाड असावे असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण नेमके कोणते, यावर एकमत नाही. १६०४-०५ मध्ये सेंट क्रॉइ बेटावर राहिलेल्या फ्रेंचांपैकी जवळजवळ निम्मे लोक स्कर्व्हीनेच मेले. झाडाची ओळखच पुढच्यांपर्यंत पोचली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात वेढ्यात अडकलेल्या लेनिनग्राडमध्येही पाइनच्या पानांचे पेय करून लोकांना दिले गेले. चव कडूच, पण क जीवनसत्त्व मिळे. हे जीवनसत्त्व पाण्यात उतरते, मात्र फार वेळ उकळले तर बरेचसे नष्ट होते.

आता मुले विचारतील, “सर, आपल्या समुद्रावर आहेत ना ही झाडं?” नाहीत! कोकण किनाऱ्यावरचा सुरू हा पाइन नव्हे. त्याची ‘सुई’ हातात देऊन सांध्यावर ओढायला सांगा, टपकन सुटते. ती खरे तर बारीक हिरवी फांदी. खरी पाने म्हणजे सांध्यावरचे इवलेसे दाते. हिमालयातल्या चीडच्या सुया मात्र तीन-तीनच्या जुडग्यात येतात. (उत्तराखंडच्या सहलीला जाणाऱ्यांनी खाली पडलेले एखादे जुडगे वर्गासाठी आणावे.)

तिथेच हिमालयात थुनेर वाढतो. तोही सूचिपर्णी, पण त्याची पाने विषारी. अमेरिकेतल्या पाँडेरोसा पाइनची पाने खाऊन गाभण गायींचे गर्भपात होतात. म्हणून मोबाईलवर व्हिडिओ पाहून कोणी ‘पाइन टी’ करायला निघाले, तर आधी झाड ओळखता येते का ते विचारा. गरोदर बाईने तर त्या वाटेला जाऊच नये.

वर्गात चाखायला काही हवेच असेल, तर आवळा आणा.