रक्त पातळ करणारं औषध डायलिसिसने निघतं का?

रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डांबरासारखी काळी संडास झाली किंवा पडून डोक्याला मार लागला, की घरचे विचारतात, "डॉक्टरसाहेब, डायलिसिस करून ती गोळी काढून टाकता येत नाही का?" प्रश्न रास्त आहे, पण आधी मला गोळीचं नाव सांगा.

हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्यांना बहुधा ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन असते. ही औषधं रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटून असतात आणि प्रथिनं काही डायलिसिसच्या पडद्यातून जात नाहीत. तिथे व्हिटॅमिन के आणि प्लाझ्मा कामाला येतात. एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅनसाठीही मशीन लावण्यात वेळ दवडू नये.

डॅबिगॅट्रानचं तसं नाही. त्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग प्रथिनांना चिकटतो. चार तासांच्या डायलिसिसमध्ये रक्तातलं साधारण निम्मं औषध निघतं. मशीन थांबली की शरीरात इतरत्र मुरलेलं औषध रक्तात उतरतं आणि पातळी पुन्हा थोडी चढते. शिवाय रक्त थांबत नसलेल्या माणसाच्या मानेत किंवा जांघेत जाड नळी घालायची, हे जोखमीचंच. म्हणून पहिली पसंती इडारुसिझुमॅब या उताऱ्याच्या इंजेक्शनला. अमेरिकेत 2015 मध्ये मंजूर झालेलं हे इंजेक्शन काही मिनिटांत काम करतं, पण महाग आहे आणि सगळीकडे मिळत नाही. ते हाताशी नसेल, किडनीही मंदावली असेल आणि जिवावर बेतलं असेल, तर डायलिसिस.

किडनीचं एवढं सांगतो, कारण डॅबिगॅट्रान 80 टक्के तिच्यावाटेच बाहेर पडतं. चांगल्या किडनीत ते 12 ते 17 तासांत निम्मं होतं. किडनी फार बिघडली तर त्यालाच दिवसाहून जास्त लागतो. आपल्या शाहपुरात मे महिन्यात केळीच्या बागेत दिवसभर राबायचं, पाणी कमी प्यायचं आणि कंबर दुखली की मेडिकलवरून डायक्लोफेनॅक आणायची, हे सर्रास चालतं. ही वेदनाशामक गोळी किडनीलाही त्रास देते आणि पोटात रक्तस्रावही घडवते. काही आजोबा गिळवत नाही म्हणून डॅबिगॅट्रानची कॅप्सूल फोडून घेतात. तसं करू नका, औषध एकदम जास्त शोषलं जातं.

गोळी मनाने बंदही करू नका, लकव्याचा धोका असतो. रक्तस्राव झालाच तर पुढचा डोस न देता लगेच 108 ला फोन करा. बऱ्हाणपूरला न्या की जळगावला, सोबत गोळ्यांचं पाकीट आणि क्रिएटिनिनचा शेवटचा रिपोर्ट घ्या आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहून द्या.